काडतूस घडवावे की निवडावे?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नीलच्या संयमाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण नेम धरणाऱ्याचे काम ट्रिगर दाबेपर्यंतच. पुढचा भरवसा काडतुसावर.

५० मीटरच्या निशाण्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, ०.८ मिलिमीटर हलले की एक दशांश जातो. गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते आणि ५० मीटर जाईस्तोवर साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला, तर ती अडीच मिलिमीटर वर-खाली लागते. नेमबाजाची काही चूक नसताना तीन दशांश गेले!

३०० मीटरच्या रायफलीत यावर उपाय असतो. परदेशांतले अनेक नेमबाज पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी जुळवून काडतूस स्वतः भरतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, ते मोजायचे, आपल्या नळीला मानवणारा मेळ सापडला की त्यावरच थांबायचे. आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही.

५० मीटरच्या रायफलीच्या पॉइंट टू-टू काडतुसात तर स्वतः भरण्याची सोयच नाही. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिनेच्या ठोक्याने कड चेपते आणि पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. मग उरते निवड. बर्मिंगहॅमची एली किंवा लापुआ या कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, काडतुसे झाडून पाहतात. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला बॅच नंबरचे महत्त्व सांगायला नको, इथेही तेच. छाप एकच असली तरी लॉट बदलला की ग्रुप बदलतो. शिवाय बार उडताना नळी थरथरते. तिचे तोंड वर जात असताना गोळी सुटली, तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणून किंचित वरच्या कोनात निघते आणि फरक भरून निघतो. त्यामुळे एका रायफलीचा लाडका लॉट दुसरीला मानवेलच असे नाही.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ६० गोळ्यांत ६००पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद जिंकले. इतक्या काठावरच्या खेळात काडतुसाची निवड हा सरावाचाच भाग मानायला हवा. लॉट तपासून निवडण्याची सोय ऑलिंपिकच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूंपुरती ठेवू नये. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर शिकंजा, वेगमापक आणि निरनिराळे लॉट राज्यातल्या प्रत्येक होतकरू नेमबाजासाठी खुले असावेत. पालघर-बोईसरच्या मुलांनाही आपल्या रायफलीचा लॉट तिथेच निवडता आला पाहिजे.