पानावरची रेघ कोण ओढतं?

शिवारातले सहा पायांचे : लेखांक ९

ऑगस्टमध्ये वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या शिवारात नजर जाईल तिथं सोयाबीन, मधूनमधून तुरीची तासं. नागअळी बघायची असेल तर मात्र या मोठ्या पिकांकडं पाठ करावी लागते. कुंपणावर चढलेला दोडका, परसातली चवळी, टोमॅटोचे दोन-चार वाफे, धुऱ्यावर आपोआप उगवलेली एरंडी, यांची खालची पानं बघा. पानाच्या वरच्या बाजूला एक पांढरी रेघ वळणं घेत गेलेली दिसेल. एका टोकाला केसाएवढी बारीक, दुसऱ्या टोकाला दीड-दोन मिलिमीटर रुंद. पाऊस उघडला आणि चार दिवस ऊन पडलं की अशी पानं वाढलेली दिसतात, आणि घराघरांत फवारणीच्या पंपाची आठवण निघते.

पंप काढण्याआधी ती रेघ वाचायला शिकू या. ती वाचता आली तर बऱ्याचदा पंप काढावाच लागत नाही.

रेघ ओढणारा प्राणी, म्हणजेच नागअळी, ही एका माशीची अळी. या लेखमालेचं नाव ‘सहा पायांचे’ असलं तरी आजच्या अळीला एकही पाय नाही. डोकं नाही, डोळेही नाहीत. पाय पुढं प्रौढपणी येतात, तेव्हा नावाची लाज राखली जाते. माशीचं शास्त्रीय नाव लिरिओमायझा ट्रायफोली. १८८० मध्ये अमेरिकेत पांढऱ्या क्लोव्हर गवतावरून तिचं पहिलं वर्णन झालं. ट्रायफोली हे नाव त्या गवताचंच. पुढं शेवंतीच्या कलमांच्या व्यापाराबरोबर ती देशोदेशी पोचली. भारतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आढळली आणि थोड्याच वर्षांत टोमॅटो, घेवडा, काकडीवर्गीय वेल, कपाशी, एरंडी, झेंडू अशा कितीतरी झाडांवर दिसू लागली. पंचवीसपेक्षा जास्त कुळांतल्या वनस्पतींवर तिची नोंद आहे. इतकी कमी चोखंदळ माशी तिच्या घराण्यात विरळच.

रेघेची गोष्ट रेघेच्या आधी सुरू होते. पानावर सुईच्या टोकाएवढे पांढरट ठिपके दिसतात. मादीच्या पोटाच्या टोकाशी अंडं घालण्याची दातेरी नळी असते. ती नळी ती पानात खुपसते, आत फिरवते, मग मागं वळून त्या छिद्रातून झिरपलेला रस चाटते. या माशीचं तोंड चाटण्यासाठी आहे, चावण्यासाठी नाही. नराजवळ तर ही नळीही नसते, म्हणून तो मादीनं पाडलेल्या छिद्रांवरच पोट भरतो. शंभर छिद्रांमधल्या साधारण पंधरांतच अंडं असतं, बाकीची सगळी खानावळ. तेव्हा ठिपके दाट दिसले म्हणून तेवढ्याच अळ्या निघणार असा हिशेब करू नये.

अंडं पाव मिलिमीटरच्या आसपास, पांढुरकं, अर्धपारदर्शक, पानाच्या सालीखाली दडलेलं. उष्णतेनुसार दोन ते पाच दिवसांत ते फुटतं आणि अळी जिथं जन्मते तिथंच खायला लागते. पानाला वर एक पातळ साल, खाली एक पातळ साल आणि मध्ये हिरवा गर. त्या गरातला वरचा थर उभ्या, दाटीनं लावलेल्या पेशींचा. हरितद्रव्य सर्वांत जास्त तिथंच. ही अळी नेमका तोच थर खाते आणि साली तशाच ठेवते. पुरणपोळीतलं पुरण खाऊन पारी शाबूत ठेवावी, तसं. रिकाम्या झालेल्या जागेत हवा भरते, म्हणून रेघ पांढरी, चंदेरी दिसते. ऊन, वारा, पाऊस आणि फवाऱ्याचे थेंब वरच्या सालीवर अडतात. अळीला एवढं सुरक्षित घर शिवारात क्वचितच कुणाला मिळत असेल.

आता तिच्या शरीराकडं वळू. कृषी सेवा केंद्रात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, तेवढं पुरे. पान उन्हाकडं धरा. रेघेच्या रुंद टोकाला पिवळसर, जास्तीत जास्त तीन मिलिमीटर लांबीची अळी दिसेल आणि तिच्या पुढच्या टोकाला एक काळा ठिपका सतत हलताना दिसेल. ते तिच्या तोंडातले आकडे. डोकं नसल्यामुळं हे आकडे आत शरीरात शिरलेल्या एका काळ्या, टणक सांगाड्याला जोडलेले असतात. मात्र ते वर-खाली हलतात आणि पानात वर-खाली जागाच नाही. यावरचा तोडगा साधा आहे : अळी कुशीवर झोपून खाते. कुशीवर झोपली की तेच आकडे आडवे फिरतात आणि समोरचा गर कापत जातात. एका कुशीवर काही काळ खाल्लं की ती उलटून दुसऱ्या कुशीवर होते. म्हणून तिची काळी विष्ठा रेघेत एकदा या कडेला, एकदा त्या कडेला पडलेली दिसते. पानं पोखरणाऱ्या कीटकांचा जर्मन अभ्यासक मार्टिन हेरिंग यानं १९५१ च्या आपल्या ग्रंथात अशा खुणांवरून पोखरणारा ओळखण्याची पद्धत तपशिलानं मांडली. किडा हाती न लागता केवळ त्यानं सोडलेल्या विष्ठेवरून त्याचं कूळ सांगणारी ही विद्या मला फार आवडते.

ती इथंच उपयोगीही पडते. वाशीम जिल्ह्यात संत्र्याच्या कोवळ्या पालवीवरही अशीच चंदेरी वळणं दिसतात, आणि शेतकरी त्यालाही नागअळीच म्हणतात. पण तो पतंग आहे, माशी नव्हे. त्याच्या रेघेत विष्ठेची काळी ओळ मधोमध सलग जाते आणि शेवटी अळी पानाची कड दुमडून तिथंच कोष करते. भुईमुगावर आणि सोयाबीनवर पान पोखरणारी जी अळी सांगितली जाते तीही पतंगाचीच. मोठी झाल्यावर ती पानं गुंडाळते. माशीची अळी यातलं काहीच करत नाही.

अळीचा श्वास दोन्ही टोकांनी चालतो. छातीजवळ एक जोडी आणि पोटाच्या टोकाशी एक जोडी श्वासछिद्रं. मागच्या प्रत्येक छिद्राला तीन गोल बोंडं असतात. याच वंशातल्या दुसऱ्या एका उपद्रवी माशीच्या अळीला सहा ते नऊ असतात. तज्ज्ञ अळीवरून जात ओळखू पाहतात ते सूक्ष्मदर्शकाखाली ही बोंडं मोजूनच.

खाण्याच्या काळात अळी दोनदा कात टाकते. कातीबरोबर तोंडाचे आकडेही नवे, मोठे येतात आणि रेघ दर टप्प्याला रुंद होते. चोवीस अंशांच्या वर तापमान असलं की चार ते सात दिवसांत सगळं खाणं आटोपतं. तिसऱ्या टप्प्यातलं खाणं पहिल्याच्या कित्येक पट असतं. म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यात भरणारी रुंद रेघ बहुतेक शेवटच्या एक-दोन दिवसांत तयार झालेली असते.

मग एखाद्या पहाटे किंवा सकाळी अळी रेघेच्या रुंद टोकाशी वरच्या सालीला अर्धचंद्राकृती चीर पाडते, बाहेर येते आणि घरंगळत जमिनीवर पडते. मातीच्या वरच्या थरात किंवा पडलेल्या पाल्याखाली तिची कातडीच आखडून, टणक होऊन सोनेरी-तपकिरी कोष बनते. तापमानानुसार आणखी एक-दोन आठवड्यांनी कोषातून माशी निघते. पण दात नसलेली माशी कोष फोडणार कशी? तिच्या कपाळात एक दुमडलेली पिशवी असते. शरीरातला द्रव त्या पिशवीत ढकलून ती फुगवते, कोषाचं झाकण उडवते आणि त्याच पिशवीच्या धक्क्यांनी माती सारत वर येते. काम झालं की पिशवी आत जाते ती कायमची. कपाळावर फक्त तिची शिवण उरते. घरातल्या माशीच्या कपाळावरही ही शिवण असते.

बाहेर आलेली माशी जेमतेम दोन मिलिमीटरची. पाठ करडी-काळी, डोकं पिवळं, डोळे लालसर आणि दोन पंखांमध्ये पाठीच्या शेवटी एक ठळक पिवळा ठिपका. बहुतेक माशा दुपारच्या आत बाहेर पडतात आणि साधारण चोवीस तासांनंतर जोडी जमते. उबदार हवेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांचा.

आता पुन्हा ती रेघ. रुंद टोकाला चीर दिसली, तर घर रिकामं आहे. अशा पानावर फवारलेलं कीटकनाशक कुणालाच लागत नाही, कारण अळी आधीच मातीत गेली. रेघ अजून बारीक आहे आणि टोकाला आकडे हलताहेत, तर अळी आत आहे; पण स्पर्शानं मारणारं औषध सालीवरच थांबतं. आणि टोकाला अळी तपकिरी होऊन निपचित पडलेली असेल, शेजारी एखादा काळा कोष असेल, तर तिथं फवारणी करणं म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणं. तो कोष एका गांधीलमाशीच्या जातीच्या इवल्या कीटकाचा असतो. त्यातली मादी पानाच्या सालीतून डंख मारून आतल्या अळीला बधिर करते आणि तिच्याशेजारी अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला बाहेरून खातं. युरोपात काचघरांसाठी विकत मिळणारा डिग्लिफस हा यातलाच. कोषात जाण्याआधी त्याचं पिल्लू आपल्या विष्ठेचे छोटे खांब उभारतं, म्हणजे पान वाळलं तरी वरची साल अंगावर कोसळत नाही.

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात भाजीपाल्यावर जोरदार फवारण्या झाल्या. हे इवले कीटक मेले आणि माशी तेवढी औषधाला निर्ढावली. नागअळीचा खरा उद्रेक तिथं फवारणीनंतर झाला. आपल्या टोमॅटोच्या खालच्या पानांवरच्या रेघांना मी म्हणूनच फार घाबरत नाही. फळाला ती हात लावत नाही आणि वाढत्या झाडाला काही पानांचं नुकसान सोसतं. रोपं बीजपत्रांवर असतील तर गोष्ट वेगळी. पालक-मेथीचं तर पानच विकायचं असतं. अशा वेळी पिवळे चिकट सापळे, रेघाळलेली पानं खुडून नष्ट करणं, ठिपके दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क, आणि अगदीच गरज पडली तर पानात मुरणारं औषध, हा क्रम बरा.

या माशीच्या घराण्यात, म्हणजे ॲग्रोमायझिडी कुळात, जगभरात सुमारे तीन हजार जाती आहेत. केनेथ स्पेन्सर यांनी १९७३ मध्ये या कुळातल्या शेतीशी संबंधित जातींवर मोठा ग्रंथ लिहिला. पिकांवर नेहमी आढळणाऱ्या जाती दीडशेच्या घरात आहेत. त्यातल्या दोघी रिठदच्या मोठ्या पिकांत राहतात. सुरुवातीला सोयाबीनकडं पाठ फिरवायला सांगितलं, ते इथं मागं घेतो.

सोयाबीनवरची खोडमाशी काळी, चकचकीत, तेवढीच लहान. अंडं तीही पानातच घालते. तिची अळी मात्र पानात रेंगाळत नाही. ती शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते, आणि गाभा पोखरत राहते. पानावर पांढरी रेघ नाही, त्यामुळं बाहेरून काही कळत नाही. खोड उभं चिरलं की आत नागमोडी, लालसर बोगदा दिसतो. तिथं माशीपुढं नवी अडचण उभी राहते. नागअळी पान फाडून जमिनीवर येते, पण खोडमाशी खोडातच कोष करते, आणि बिनदातांच्या माशीला खोड कापता येत नाही. म्हणून अळीच, आकडे शाबूत असताना, कोषात जाण्याआधी खोडाला छिद्र पाडून ठेवते. तुरीवरच्या शेंगमाशीचंही तसंच. हिरव्या शेंगेत दाणा खाऊन झाला की अळी शेंगेची भिंत आतून कुरतडते आणि बाहेरचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. माशी निघताना तो पापुद्रा ढकलते. शेंगेवर ते भोक दिसतं तेव्हा आतला दाणा गेलेला असतो.

खोडमाशीचा फटका बसतो तो रोप कोवळं असताना. मोठं झालेलं झाड सहसा मरत नाही, पण शेंगा कमी धरतात. रेघ नसल्यामुळं तिच्यासाठी वाचन खोडाचं करावं लागतं : पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी शेतात वेगवेगळ्या ठिकाणची, मलूल दिसणारी आणि धडधाकटही, रोपं उपटून उभी चिरायची. दहापैकी एकात बोगदा सापडला तर उपाय करायची वेळ आली असं समजतात. पेरणीआधीची बीजप्रक्रिया इथं जास्त कामी येते, कारण अळी खोडात उतरण्याआधीच तिला गाठता येतं. कोणतं औषध, किती प्रमाणात, हे लेबल बघून आणि रिठदच्याच तालुक्यातल्या करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवावं. जाताना चिरलेलं एक खोड सोबत न्यावं, म्हणजे चक्रभुंग्याशी गल्लत होणार नाही. त्याची अळीही खोडातच असते, पण तिच्या झाडाच्या देठावर किंवा खोडावर बाहेरून दोन गोल खाचा दिसतात.

(पुढील लेखांक : पानातल्या अळीला शोधणारे इवले शिकारी)