घाट उतरताना गिअर कोणाच्या हाती?

घोटीत गाडी घ्यायची म्हटली की रंगाच्या आधी घाटाचा विषय निघतो. इगतपुरी ओलांडली की लगेच कसाऱ्याचा उतार. याच कसारा ऊर्फ थळ घाटातून 1865 साली रेल्वे वर आली. 37 फुटांमागे एक फूट असा तिचा चढ, आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना आजही कसाऱ्याला ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. अशा गावात मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

वहिनींना नाशिकला नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरी महिनाभर याच प्रश्नाचा खल चालला. रोजचे जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, त्यात पाथर्डी फाटा ते द्वारका या टप्प्यात डावा पाय क्लचवरून उचलायला उसंत नाही. त्यांचा गुडघाही दुखरा. एवढ्यावरच ऑटोमॅटिकचं पारडं जड झालं होतं, पण "ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कुठली?" हे कोणी विचारलंच नव्हतं.

कारण ऑटोमॅटिक हा एकच प्रकार नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते: दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा फिरू लागतो, तसं. सीव्हीटीत दोन पुलींवर पट्टा सरकतो, गिअरचे टप्पेच नाहीत, म्हणून झटके नाहीत. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो. ती चपळ, पण महाग.

मध्यमवर्गीयांच्या दारात आली ती मात्र एएमटी, 2014 च्या सेलेरिओपासून. किमतीतला फरक पेलण्याजोगा, म्हणून ती खपली. तिच्या आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आणि क्लचप्लेटही तशीच. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. हे समजून घेतलं नाही तर नुकसान ठरलेलं. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याकडे रांगा लागतात, तेव्हा बारीच्या रस्त्यावर चढावर गाडी थांबते आणि लोक ॲक्सिलरेटर किंचित दाबून ती तोलून धरतात. मॅन्युअलमध्ये याला आपण हाफ क्लच म्हणतो. एएमटीत पाय क्लचवर नसतो, प्लेट मात्र तशीच घासते आणि तापते. थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक, दुसरं काही नाही.

मला खरी काळजी उताराची वाटते. पेट्रोल वाचेल म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करणारे मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि अजूनही ते पाहून जीव धास्तावतो. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात आणि शेवटी पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. शिवाय बचतही होत नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी हे आधी शिकायला हवं, कारण डी वर सोडलेली गाडी उतारावर वरचा गिअर घेऊ शकते. लिव्हर एम, एल किंवा एस, जे असेल त्यावर आणायचा. लिव्हरवर यातलं काहीच नसेल तर ती गाडी घोटीकरांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅन्युअलचीही बाजू आहे. भातलावणीत बांधाकडेच्या चिखलात चाक फिरू लागलं की क्लच अलगद सोडत, गाडी मागेपुढे झुलवत काढता येते. बॅटरी बसली तर चार जणांनी धक्का मारून ती सुरू होते. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही, आणि ती ओढून न्यायची तरी आधी पुस्तिका पाहावी लागते. शेतावर जाणारी गाडी आम्ही म्हणूनच मॅन्युअल ठेवली.

घाट टाळायची सोयही आता आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्यातल्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना कसारा घाट लागतही नाही. पण समृद्धीचा टोल वाचवायचा असेल किंवा कसारा-शहापुरात काम असेल तर जुनाच रस्ता.

वहिनींनी एएमटी घेतली. पहिल्या रविवारी मी शेजारी बसलो. इगतपुरी मागे पडताच त्यांनी लिव्हर एमवर ओढून तीन नंबर टाकला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी अंग आवरून उतरू लागली, आणि कसाऱ्यापर्यंत त्यांचा पाय मोजक्याच वळणांना ब्रेकवर गेला.