'सेंद्रिय'चे लेबल आणि पाठीवरचा पंप

शहरात हल्ली 'सेंद्रिय' भाजीचा मोठा बोलबाला आहे. भाव दुप्पट. का? तर म्हणे विषमुक्त! प्रमाणपत्र विचारले की विक्रेता हसतो. 'साहेब, विश्वासावर चालते.'

कायदा विश्वासावर चालत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 'सेंद्रिय' म्हणून माल विकायचा तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला, मॉलवाल्याला नव्हे. खोटे लेबल लावणाऱ्यास अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 52 खाली तीन लाखांपर्यंत दंड आहे. फसलेल्याने जिल्हा ग्राहक आयोगात जावे. (बिल मात्र मागून घ्या. बिल नसले की आम्हा वकिलांचेही हात बांधले जातात.) आणि प्रमाणपत्र दाखवले म्हणून डोळे मिटू नयेत. भारतीय व्यवस्थेखाली दिलेली सेंद्रिय प्रमाणपत्रे थेट मान्य करणे अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी 2021 मध्ये बंद केले. मग इथल्या ग्राहकानेच का विचारू नये?

पण आमचा खरा प्रश्न पुढेच आहे. साध्या वांग्यावर कसलेच लेबल नसते. त्यावर कोणते औषध मारले, तोडणीच्या किती दिवस आधी मारले, कुणी सांगत नाही. म्हणजे विष न वापरणाऱ्याने पुरावा द्यायचा आणि वापरणाऱ्याला कुणी विचारायचेही नाही! हा कुठला न्याय?

औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषाची तीव्रता सांगणारा त्रिकोण असतो. पण बाटली मालकाच्या हाती आणि पंप मजुराच्या पाठीवर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. तथागतांनी उपासकांना विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. इथे विकणारा सुखरूप राहिला, फवारणारा गेला.

गायरानावर राबणारा आमचा माणूस पैशाअभावी औषध मारीत नाही. त्याची ज्वारी सेंद्रियच, पण कागद नाही म्हणून आडत्या साधाच भाव देतो. पुढे तीच ज्वारी लेबल लावून विकली तरी त्याला कळणार नाही. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, ते एकमेकांची शेते तपासतात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या गायरानधारकालाही या गटात घेतलेच पाहिजे, ही आमची मागणी आहे. तोवर ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी विहारात बसून गट करावेत. अर्ज आम्ही लिहून देऊ, फी घेणार नाही.