तापलेल्या धुराची गाळणी

पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कॅंडल आपल्या परिचयाची आहे. लहानपणी ती घासून धुण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा ती तडकली आणि पाणी भराभर येऊ लागले. मला आनंद झाला. आईने मात्र ते सगळे पाणी ओतून दिले.

कारखान्यांतही अशाच कॅंडल असतात. मात्र त्यांना गाळायचा असतो कित्येकशे अंश तापलेला धूर. एरवी धूळ धरायला कापडी पिशव्या वापरतात. पण पॉलिएस्टरची पिशवी सुमारे १५० अंशांपलीकडे टिकत नाही. धूर थंड करावा, तर उष्णता वाया जाते. फारच थंड केला, तर त्यातल्या गंधकाचे आम्ल होऊन लोखंड खाते. म्हणून सिलिकॉन कार्बाइडसारख्या सच्छिद्र सिरॅमिकच्या, एका टोकाला बंद अशा नळ्या वापरतात. धूर बाहेरून आत शिरतो, धूळ बाहेर साचते. हा थरच पुढची बारीक धूळ अडवतो. तो जाड झाला, की आतून दाबाखालच्या वायूचा क्षणभर झोत मारून तो पाडतात.

ऐकायला सोपे वाटते, नाही का? अमेरिकेत ओहायोतल्या टिड वीजकेंद्रात १९९२ ते १९९५ या काळात अशा कॅंडलची चाचणी झाली. टर्बाइनची पाती राखेने झिजू नयेत, हा हेतू. पण कॅंडलच्या मधल्या जागेत राख घट्ट बसून पूल तयार झाले आणि नळ्या मोडल्या. दोष निघाला तो अतिस्वच्छतेत! आधीचे सायक्लोन यंत्र जाड राख काढून घेत होते. उरलेली बारीक राख चिकटत होती. मैद्याचा गठ्ठा होतो, रव्याचा होत नाही, तसेच हे. जाड राखही येऊ दिल्यावर थर सुटा होऊन पडू लागला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ही गाळणी धूळ अडवते. गंधकाचे विषारी वायू अडवायला चुन्यासारखी वेगळी योजना लागते. दुसरे, सिरॅमिक ठिसूळ. शेकडो नळ्यांतली एखादी फुटली, तर दाबात फारसा फरक दिसत नाही. धूळ मात्र थेट चिमणीत आणि तिथून आपल्या छातीत जाते. म्हणून गाळणीच्या पुढेही धूळ सतत मोजावी लागते. सुरळीत वाहते आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आईला ठाऊक होते.