नाग नदीच्या वाटेवर भांडेवाडी

अंबाझरी तलावाकडून येणारी नाग नदी नागपूर शहर ओलांडून पूर्वेला जाते, कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. तिथे गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहे. त्यामुळे सीताबर्डीतल्या मोरीत ओतलेल्या घाणीचा फटका थेट भंडारा जिल्ह्यातल्या मच्छीमाराला बसतो. या वाटेवर शहराच्या पूर्व टोकाला भांडेवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथल्या दोन मोठ्या प्रकल्पांची क्षमता 130 आणि 200 एमएलडी, म्हणजे मिळून दिवसाला 33 कोटी लिटर.

सांडपाण्याने नदी मरते ती मुख्यतः गुदमरून. मैला, अन्नाचे कण, साबण हे सगळं जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ही मागणी ‘बीओडी’ या मापाने मोजतात. शहरी मैलापाण्याची बीओडी लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते, तर 27 अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी नदीच्या तीस लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतं. मग मासे तगणार कसे?

शुद्धीकरण केंद्र जिवाणूंची ही पंगत नदीत बसू न देता टाकीतच उरकून घेतं.

आधी जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक, पाकिटं अडतात. पुढे वाळू-खडे तळाशी बसतात. मग पाणी हवेच्या टाकीत येतं. ब्लोअर तळातून हवा सोडतात, टाकी करड्या बुडबुड्यांनी उसळत राहते आणि जिवाणू घाण खाऊन वाढतात. या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीचा शोध मँचेस्टरच्या डेव्हीहुल्म केंद्रातला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी 1914 मध्ये ती जगासमोर मांडली. आपल्याकडे आज सर्रास दिसणारी एसबीआर पद्धत तिचंच पुढचं रूप: हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं नितळ पाणी काढून घेणं, सगळं एकाच टाकीत पाळीपाळीने.

जिवाणूंची तब्येत पाहायची चाचणी अगदी साधी आहे. टाकीतलं पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. तपकिरी गाळ नीट खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, तर सारं ठीक. गाळ तरंगत राहिला, तर हवा कमी पडतेय किंवा कुठून तरी कारखान्याचं रसायन आलंय, हे ऑपरेटर ओळखतो. बीओडीचा निकाल मात्र लगेच मिळत नाही. आपल्याकडे त्यासाठी नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. म्हणून रोजचा कारभार त्या नळकांड्यावर आणि अनुभवी नजरेवर चालतो.

200 एमएलडी पाण्याची बीओडी लिटरला 250 मिलिग्रॅम धरली, तर नदीवर रोज 50 टन ऑक्सिजनचा बोजा पडतो. तीच बीओडी 10 वर आणली की बोजा 2 टनांवर येतो. केंद्राचं मोल या फरकात आहे.

नागपूरने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. भांडेवाडीत शुद्ध झालेलं पाणी महानिर्मितीच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. वीज केंद्राला थंडाव्यासाठी पाणी लागतंच. ते असं मिळालं की पेंच धरणाचं तेवढं पाणी पिण्यासाठी उरतं.

पण केंद्रापर्यंत पोहोचतं तेवढंच पाणी शुद्ध होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 एमएलडी सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं ते 20,236 एमएलडी. बाकीचं नाल्यांतून नदीत जातं. टाक्या बांधल्याचं उद्‌घाटन होतं, जमिनीखालच्या मलवाहिन्यांचं सहसा होत नाही. त्यामुळे कामही तिथेच रखडतं. तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एवढं जरूर विचारा: आमच्या गल्लीचं मैलापाणी वाहिनीत जातं की नाल्यात? आणि तळणाचं तेल व चिंध्या मोरीत टाकणं आजपासून बंद करा.