वंशाचा माग – लेखांक ६ : हेळव्याची वही

सुगी आटोपून खळ्यावरची ज्वारी घरात आली, की निपाणीजवळच्या आमच्या आजोळी एखाद्या सकाळी घंटा वाजायची. बैलावर बसलेला माणूस, पायांवर घोंगडं, हातात घंटा. दारात थांबून तो घराण्याचं नाव घ्यायचा आणि मूळ पुरुषापासून आज्जापर्यंतच्या पिढ्या एका दमात म्हणत सुटायचा. तोवर आज्जा पटका सारखा करून सोप्यात येऊन बसलेला असायचा. एरवी कुणापुढे मान न लववणारा हा माणूस, आपल्या बापाचं नाव आलं की हात जोडायचा. ते पाहिलेलं मी विसरलेलो नाही. ही लेखमाला लिहावीशी वाटली त्याचं मूळ तिथं आहे.

हा हेळवी. बेळगाव, चिकोडी, रायबाग, गोकाक या पट्ट्यात आणि तिथून कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांपर्यंत यांची ठरलेली गावं आणि ठरलेली घराणी असतात. कानडीत 'हेळव' म्हणजे पांगळा. एका पांगळ्याला बसवेश्वरांनी बैल दिला आणि लोकांच्या पिढ्या सांगत पोट भरायला सांगितलं, अशी त्यांची मूळकथा. पायांवरचं घोंगडं त्या कथेची खूण. घरोघर जाऊन ते वंशावळ वाचतात, मधल्या काळात झालेले जन्म-मृत्यू विचारून वहीत चढवतात आणि धान्य, कापड, पितळेचं भांडं, ऐपतीच्या घरी गाय किंवा वासरू घेऊन पुढच्या गावाला जातात. घोडा-बैल मागे पडून आता मोटारसायकल आली, वह्या मात्र तशाच कापडात बांधलेल्या असतात. बोली कानडी, लिहिणं कानडी, आणि ज्यांच्या पिढ्या लिहायच्या त्यांतली कितीतरी घरं मराठी. सीमाभाग म्हणजे काय, हे मला भाषणांपेक्षा या वहीनं जास्त नीट शिकवलं.

गेल्या आठवड्यात आपण शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी थांबलो होतो. तिथं आज्जाची जन्मतारीख १ जून निघाली की हुरळून जाऊ नका, हे मी तेव्हाच लिहिलं. नाव घालायला मूल आणलं, तारीख कुणाला ठाऊक नाही, मग गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घातली. निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. नोंद खरी, तारीख खोटी. कागद वाचताना हा फरक सतत जागा ठेवावा लागतो.

शाळेच्या मागं गेलं की उरतात ती सरकारची दप्तरं. सरकारनं माणसं कशासाठी लिहिली? शेतसाऱ्यासाठी, इनाम चालू ठेवायचं की जप्त करायचं हे ठरवण्यासाठी, पटकी-प्लेगच्या साथीत किती मेले ते मोजण्यासाठी. ज्याच्या नावावर जमीन, त्याचं नाव पानोपानी सापडतं. त्याच्या बांधावर राबणाऱ्याचं नाव शोधायचं तर गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीवाचून, म्हणजे गाव नमुना १४ वाचून, गत्यंतर नाही. ती वही वाळवीनं सोडली असली तरच. एका कचेरीत मला हवी ती वही मिळाली, पण हवी ती सालं असलेली पानंच शिवणीपासून सुटून गेलेली होती. तिथल्या कारकुनानं ती मनापासून शोधली, एवढं मात्र सांगितलं पाहिजे.

आता कुठल्या कचेरीत जायचं? निपाणी स्वतंत्र तालुका झाला तो अगदी अलीकडे. त्याआधीचे कागद चिकोडीच्या नावानं शोधावे लागतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तोपर्यंत तो मुंबई इलाख्यात, पुढं मुंबई राज्यात होता. म्हणजे आज्जाचा कागद मराठी किंवा मोडी आणि वडिलांचा कानडी, हे एकाच घरात, एकाच जमिनीबद्दल घडतं. संस्थानांचा गुंता तर याहून मोठा. आजच्या बेळगाव शहरातलं शहापूर हे सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. शहापुरातला विणकर आणि किल्ल्याजवळच्या पेठेतला व्यापारी एकाच बाजारात भाजी घेत, पण एकाचं दप्तर सांगलीच्या पटवर्धनांकडं आणि दुसऱ्याचं इंग्रजांच्या कलेक्टराकडं. 'आमच्या घराण्याचं बेळगावात काहीच सापडत नाही' असं सांगणाऱ्या वाचकांना मी आधी विचारतो, घर नेमकं कुठल्या गल्लीत होतं?

कागद हाती आला तरी तो वाचायचा असतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ, मग तिला लोंबती अक्षरं, शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात नावं अशी: 'रामा बिन कृष्णा'. बिन म्हणजे मुलगा. पुढच्या कागदात 'कृष्णा बिन रामा'. नवखा माणूस इथं चकतो. नातवाला आज्जाचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळं रामा-कृष्णा, रामा-कृष्णा अशी साखळी चालते आणि आजोबा समजून आपण खापरपणजोबांना धरून बसतो. उपाय एकच, नावापेक्षा सालाला घट्ट धरा. शके असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९०. शके १७९८ आणि फसली १२८६ दोन्ही १८७६ पाशी येतात, आणि ते साल दिसलं की मी आपोआप सावध होतो. त्या वर्षी पडलेल्या दुष्काळानं बेळगाव, धारवाड, विजापूर होरपळले. घरंच्या घरं पोट घेऊन बाहेर पडली. बऱ्याच वंशावळी तिथंच तुटतात, किंवा तिथूनच दुसऱ्या गावात सुरू होतात.

वंशाचा माग आणि सरकारची यादी यांचं हे भांडण आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांना १८३८-३९ च्या सुमारास त्यांच्या डोंगरांतून हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं. वाटेत हजारो मेले. पुढं त्यांची सामाईक जमीन माणशी तुकडे करून वाटायची म्हणून सरकारनं १८९३ मध्ये डॉज आयोग नेमला आणि माणसांच्या याद्या केल्या. जमीन वाटून घेणंच मान्य नसलेल्या कित्येकांनी नाव द्यायला नकार दिला. आज चेरोकी नेशनचं नागरिकत्व मिळवायचं तर त्या डॉज यादीतल्या एखाद्या नावापासून आपण थेट उतरलो हे दाखवावं लागतं. जमीन तोडण्यासाठी केलेली यादी आता वंश जोडण्यासाठी वापरली जाते. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट असते, यादीत नाव नसतं.

पण त्या शोधकांकडून मी एक फार कामाची गोष्ट उचलली. १९०६ नंतर चेरोकींना नुकसानभरपाईचे पैसे वाटायचे होते, त्यासाठी गायन मिलर या अधिकाऱ्याकडं ४५,००० हून अधिक अर्ज आले. बरेचसे फेटाळले गेले. पण अर्जात आईबाप, आजी-आजोबा, भावंडं यांची नावं लिहावी लागत, त्यामुळं फेटाळलेला अर्जही आज कुटुंबाला सोन्यासारखा. आपल्याकडं याला जोड आहे ती इनाम कमिशनची. १८५२ मध्ये कमिशनला कायद्याचं बळ मिळालं आणि दक्षिण मराठा मुलखातल्या इनामदारांना, देसाई-देशपांड्यांना, पाटील-कुलकर्ण्यांना आपला हक्क शाबीत करावा लागला. त्यांनी कैफियती दिल्या, कैफियतींबरोबर वंशावळी दिल्या. दावा टिकला की बुडाला हे सरकारच्या कामाचं. आपल्या कामाची ती वंशावळ. म्हणून घराण्याचं इनाम गेलं एवढ्यावर निराश होऊन दप्तर बंद करू नका. ते गेलं, याचाच कागद असण्याची शक्यता जास्त.

हे सगळं आज निकडीचं झालं आहे, कारण कोल्हापुरात स्थायिक झालेली निपाणीकडची मुलं जातपडताळणीसाठी धावत असतात. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी रहिवासाची १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानतात. त्या दिवशी निपाणी म्हैसूर राज्यात होती. वीसेक किलोमीटरवरचं कागल महाराष्ट्रात. आज्जानं शेताच्या कुठल्या बाजूला घर बांधलं, यावर नातवाची फाईल अडते. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी स्पष्ट लिहितो.

दोन वर्षांपूर्वी हेळवी पुन्हा आमच्या मामाच्या दारात आला. म्हाताऱ्याचा नातू, मोटारसायकलवर. मी वही बघायला मागितली. त्यानं कापड सोडलं, पान काढलं आणि बोट ठेवत कानडी अक्षरं मराठीत वाचून दाखवली. "बगा मालक, तुमी मूळचे इथले न्हवं." नऊ पिढ्या. मूळ गाव, तिथून निघालेले दोन भाऊ, एकाची शाखा घाटाखाली गेलेली. सरकारी कागदात मला पाचच पिढ्या सापडल्या होत्या, आणि त्या पाचही जुळल्या.

मी विचारलं, "आणि बायका?" मोडी कागदात विधवेचं नाव 'कोम' लावून येतं, म्हणजे अमक्याची बायको. माहेर नाही. या वहीत तेवढंही नव्हतं. बाप, मुलगे, त्यांचे मुलगे.

तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "सांगा की. लिवतो."

आज्जीचं सासरचं नाव सगळ्यांना पाठ. माहेरचं नाव सोप्यात बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकालाही सांगता येईना. मामीनं बेळगावला थोरल्या मावशीला फोन लावला. मावशी नव्वदीच्या घरातली, ऐकायला कमी. तीनदा ओरडून विचारलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही, मग एक नाव आलं, आणि पाठोपाठ खडकलाट हे गावाचं नाव. हेळव्यानं पेनाचं टोपण काढलं.

(पुढच्या आठवड्यात : देवक आणि कुळदैवत – घराण्याच्या स्थलांतराच्या खुणा)