आधी पत्रा, मग इंजिन

जुनी फोक्सवॅगन कोम्बी व्हॅन बघायला आलेलं गिऱ्हाईक सरळ गाडीच्या मागे जातं. झाकण उघडायला लावतं, इंजिन सुरू करायला सांगतं आणि तो ओळखीचा खडखडाट ऐकून खूश होतं. विकणाऱ्यालाही हेच हवं असतं. जोवर लक्ष इंजिनात आहे, तोवर कुणी वाकून गाडीखाली बघत नाही. खरं तर या गाडीचं इंजिन अर्ध्या दिवसात खाली उतरतं, नव्यानं बांधता येतं, अगदीच वाया गेलं असेल तर दुसरं मिळतं. पत्र्याचं तसं नाही. कोम्बी घेऊन पस्तावलेले लोक बहुतेक गंजानं पस्तावलेले असतात.

याचं मूळ गाडीच्या जन्मात आहे. बेन पॉन हा फोक्सवॅगनचा हॉलंडमधला आयातदार. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान वाहायला कामगारांनी बीटलच्या सांगाड्यावर एक उघडी गाडी बनवली होती, ती त्यानं पाहिली. 23 एप्रिल 1947 रोजी त्यानं आपल्या वहीत एक डबा काढला: चालक पुढे, इंजिन मागे, मधे सगळी जागा मालाला. ती वही आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पहिला नमुना बीटलच्याच तळावर उभा केला, पण चाचणीत तो तळ टिकला नाही. मग बॉडीच्याच खाली लांब तुळया आणि आडवे दांडे वेल्ड करून सगळं एकजीव केलं. 8 मार्च 1950 पासून या गाड्या कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागल्या. वेगळी चासी नसल्यामुळे या गाडीत पत्रा हेच हाड आहे. ट्रकचा टप सडला तर टप बदलतो. कोम्बीचा तळ सडला तर गाडीच सडते.

म्हणून पहिली गोष्ट, जुने कपडे घालून जा आणि गाडीखाली झोपा. दारांखालच्या पट्ट्या, त्यांच्या आतले आडवे दांडे आणि जॅक लावायच्या जागा हाताने चाचपून बघा. खालून ताजा काळा डांबरी थर दिला असेल तर आनंद मानू नका; तो गंज थांबवायला दिला की झाकायला, हे वरून कळत नाही. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून आणि बॉडीच्या खालच्या वीतभर पट्ट्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. बोटाच्या पेराने वाजवलं तरी कळतं: पत्रा वाजतो, पुट्टी गप्प बसते. मग विकणाऱ्याला म्हणा, जॅक लावा. एक बाजू उचलल्यावर दार उघडून परत लावून बघा. दार अडलं किंवा फट बदलली, तर मधला तळ गेलेला आहे.

वरच्या बाजूला पाणी कुठून शिरतं याचा माग काढायचा. पुढच्या काचेचं रबर जुनं झालं की पाणी आतल्या बाजूने उतरतं आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा खातं. तिथली मॅट उचलायला संकोच करू नका. छताच्या कडेची पन्हळ, सरकत्या दाराचा रूळ, आणि इंजिनच्या कप्प्यात बॅटरीखालचा पत्रा, या तिन्ही जागा पाहायच्याच. बॅटरीतून सांडलेलं आम्ल तो पत्रा इतका शांतपणे खातं, की एक दिवस बॅटरीच खाली लोंबते.

आता इंजिनकडे. चार सिलिंडर आडवे झोपलेले, रेडिएटर नाही, थंड करायला फक्त पंखा. सुरुवातीचं 1,131 सीसीचं इंजिन जेमतेम 25 अश्वशक्तीचं होतं, सत्तरीच्या दशकातलं दोन लिटरचं 70 अश्वशक्तीचं. पण ताकदीचा आकडा विचारत बसू नका. गाडी बघायला जाण्याआधी फोनवर सांगा की इंजिन गार ठेवा, आणि पोचल्यावर हात लावून खात्री करा. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. मग इंजिन बंद असताना क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून बघा. कारखान्याने तिथे 0.07 ते 0.13 मिलिमीटरचा खेळ ठेवला आहे, म्हणजे हाताला जवळपास काही जाणवू नये. ‘टक’ असा ठोका आला तर क्रँककेस उघडून यंत्रशाळेत न्यावी लागेल. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिच्यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. तरी ती करणारं गिऱ्हाईक विरळाच.

इंजिनभोवतीचे पातळ काळे पत्रे आणि कडेचं रबर जागेवर आहे का, तेही बघा. नवशिके मेकॅनिक ते ‘उगाच आहे’ म्हणून काढून टाकतात. ते नसलं की खालची तापलेली हवा परत वर ओढली जाते आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेत शिजतं. जुन्या इंजिनांत तिसरा सिलिंडर आधी जातो, कारण ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत बसवलेला असे. तेलाचे थेंब मात्र फार मनावर घेऊ नयेत. या इंजिनाखाली पुठ्ठा ठेवायची सवय करून घ्यावी लागते. पेट्रोलच्या नळ्यांच्या बाबतीत अशी उदारता नको. त्या तापल्या इंजिनावरून जातात, चिरतात, गळतात, आणि कोम्बीला आग लागण्याचं ते जुनं कारण आहे. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. गाडी घेतली की घरी नेण्याआधी नळ्या बदला, यात तडजोड नाही.

गिअरचा दांडा खिरीत चमचा फिरावा तसा फिरला म्हणून घाबरू नका. गिअरबॉक्सपर्यंत लांबच लांब सळई जाते आणि तिचे बुश स्वस्तात बदलतात. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर मात्र तो गिअरबॉक्सचाच आजार. 1967 पर्यंतच्या गाड्यांत पुढच्या चाकांना किंगपिन आहेत, त्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. नंतरच्या गाड्यांत बॉल जॉइंट आले. ऑगस्ट 1970 पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. रोज चालवायची असेल तर त्यानंतरचीच घ्यावी असं माझं मत आहे. चालक पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि त्याच्या गुडघ्यांपुढे एका पत्र्याखेरीज काही नसतं. निदान ब्रेक तरी चांगले हवेत.

कागदांची गंमत वेगळीच. दोन भागांची काच असलेल्या पहिल्या पिढीला, त्यातही छताच्या कडेला छोट्या खिडक्या असलेल्या 23 खिडक्यांच्या ‘सांबा’ला, अमेरिकेतल्या लिलावात लाख डॉलरच्या वर किंमत गेली आहे. असा भाव आला की साध्या कोम्बीचं छत कापून सांबा बनवणारेही आले. यावर उतारा म्हणजे पुढच्या सीटमागची छोटी धातूची पट्टी. तिच्यावर आकड्यांत त्या गाडीचा रंग, प्रकार, जादा सामान, बांधणीची तारीख आणि कुठल्या देशासाठी बांधली, हे कोरलेलं असतं. चासी नंबर इंजिनच्या कप्प्यातही ठोकलेला असतो. तो पट्टीशी आणि कागदाशी जुळला पाहिजे. वोल्फ्सबुर्गचं फोक्सवॅगन संग्रहालय अशा गाड्यांना जन्मदाखला देतं. इंग्लंडमध्ये 40 वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे ‘तपासणीची गरजच नाही’ हे वाक्य तिथला विक्रेता कौतुकानं ऐकवतो. पण त्याआधीच्या तपासण्यांचे निकाल सरकारी नोंदीत फुकट बघायला मिळतात, आणि ‘गंजामुळे नापास’ हा शेरा तिथे लपत नाही.

आपला या गाडीशी संबंध दुहेरी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी तिच्यातूनच इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गोव्याला उतरत. 1979 मध्ये इराणची क्रांती झाली, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला. दुसरा धागा जास्त जवळचा आहे. हँबुर्गच्या विडाल कंपनीने 1949 मध्ये ‘टेम्पो मॅटॅडोर’ काढली तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आल्यावर काही वर्षांतच तो पुरवठा थांबला. त्याच विडालशी हात मिळवून बजाज टेम्पो उभी राहिली, आणि आकुर्डीहून ‘मॅटॅडोर’ हे नाव आपल्या दारात आलं. एकदा हे नातं कळलं, की आपल्या गल्लीत सडत पडलेल्या मॅटॅडोरकडेही वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं.

भारतात कोम्बी घ्यायची तर आधी नोंदणी बघा. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, फेरनोंदणीला 5,000, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. तेव्हा तिच्यात कॉफीचं दुकान काढायचा बेत असेल तर तो नोंदणीच्या कागदावरच अडेल.

पहिल्यांदाच घेणाऱ्यानं सांबाच्या नादी लागू नये. 1967 नंतरची एकसंध काचेची, सुटे भाग सहज मिळणारी, रंग उडालेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी बघावी. नुकत्याच रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा ती स्वस्तात पडते. आणि जो विक्रेता गाडी जॅकवर चढवू देत नाही, त्याच्याकडचा चहा घ्यावा, आभार मानावेत आणि दुसरी गाडी बघायला जावं.